सर्व काही मातीला : पॅट्रिक गेडिस आणि इंदूर शहर

निसर्गापासून वास्तुकलेने काय शिकावे, हा प्रश्न अलीकडे पुष्कळ चर्चिला जातो. वारुळातील हवेच्या हालचालीवरून स्फूर्ती घेऊन हरारे शहरात १९९६ साली उभारलेल्या ईस्टगेट या इमारतीचे उदाहरण सर्वत्र दिले जाते, आणि ते योग्यही आहे. तथापि निसर्गाचे अनुकरण म्हणजे पानाच्या आकाराचे छप्पर किंवा शंखाच्या आकाराचा जिना, अशी जी समजूत त्यातून रूढ होऊ पाहत आहे, ती मात्र फार उथळ होय. एखाद्या सजीवाचे खरे रहस्य त्याच्या आकारात नसते. तो अन्न कोठून घेतो, पाणी कसे राखतो, आणि विशेषतः त्याने टाकून दिलेले कोणाच्या उपयोगी पडते, यात ते असते. ही दृष्टी घेऊन एक वनस्पतिशास्त्रज्ञ शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या इंदुरात आला होता. त्याने होळकर दरबारास सादर केलेला दोन खंडांचा अहवाल १९१८ साली येथेच छापला गेला. नगररचनेचे जगभरचे अभ्यासक त्या अहवालाचा आदराने उल्लेख करतात. आपल्या मराठी मंडळींत मात्र त्याचे नावही फारसे ऐकू येत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म १८५४ साली स्कॉटलंडमधील बॅलटर येथे झाला. लंडनमध्ये थॉमस हक्स्ली यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे फ्रान्समधील रॉस्कॉफच्या समुद्रकिनारी त्यांनी एका हिरव्या चपट्या कृमीचा अभ्यास केला. हा कृमी उन्हात ठेवला असता वनस्पतीप्रमाणे प्राणवायू सोडतो, असे त्यांनी १८७९ मध्ये दाखवून दिले. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. कृमीचा मल हे शैवालाचे खाद्य आणि शैवालाने तयार केलेले अन्न हा कृमीचा आहार. एकाचे उच्छिष्ट ते दुसऱ्याचे अन्न, असा हा संसार! त्याच वर्षी मेक्सिकोत असताना गेडिस यांची दृष्टी काही काळ गेली. ती परत आली खरी, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दिवसभर बसणे त्यानंतर शक्य राहिले नाही. हळूहळू ते मनुष्यवस्तीकडे वळले. माझ्या मते त्यांनी विषय बदललाच नाही. कृमीच्या जागी शहर आले, इतकेच.

१८८६ साली त्यांचा विवाह झाला. त्यानंतर हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या, कोंदट भागातील एका चाळवजा इमारतीत राहावयास गेले. सुस्थितीतील लोक तो भाग सोडून जात होते, तेव्हा हे प्राध्यापक महाशय उलट तेथे बिऱ्हाड थाटतात, भिंतींना रंग देतात, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या ठेवतात, आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून अंगणे साफ करतात, हे पाहून गावाने काय म्हटले असेल ते सांगावयास नको. गेडिस यांच्या पद्धतीचे बीज येथेच आहे. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ, रुंद रस्ता काढावयाचा, ही त्या काळची रूढ रीत. गेडिस म्हणत की रोगी तपासल्यावाचून शस्त्र चालविणारा वैद्य आणि गल्ली पायाखाली घातल्यावाचून नकाशावर पट्टी ठेवणारा अभियंता यांत फरक नाही. प्रथम निदान, नंतर उपचार. आणि उपचारही असा की एखादे पडके घर काढून चौक मोकळा करावा, तेथे झाड लावावे, शेजारचे घर दुरुस्त करावे, पण माणसे शक्यतो जागची हलवू नयेत. या रीतीला त्यांनी जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘जपून केलेली शस्त्रक्रिया’ असा होतो.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ साली ते हिंदुस्थानात आले. आयुष्यभर जमविलेले नकाशे व चित्रे यांचे त्यांचे नगरप्रदर्शन ज्या जहाजातून येत होते, ते ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले. मित्रांनी धावपळ करून नवी सामग्री जमविली आणि १९१५ मध्ये मद्रासेस प्रदर्शन भरले. पुढील काही वर्षांत त्यांनी अनेक शहरे पायी हिंडून पाहिली व त्यांचे अहवाल लिहिले. लखनौ, लाहोर, कपूरथळा ही त्यांतील काही नावे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याचा अहवाल १९१६ चा. आपल्याकडील देवळांभोवतालचे रथमार्ग, गल्लीच्या तोंडाशी असलेला पार व त्यावरील वृक्ष, घरातील चौक, या गोष्टींना इतर साहेब मंडळी मागासपणाच्या खुणा समजत. गेडिस यांना त्यांत शहराची फुप्फुसे दिसली. तुळशीवृंदावनाविषयी त्यांनी मोठ्या आदराने लिहिले आहे. रोज सारवलेले अंगण आणि पाणी घातलेले रोप यांत त्यांना सुव्यवस्थित घराची खूण पटली. परक्या माणसाने आपल्या अंगणाचे मोल आपल्याला सांगावे, याचा आनंद मानावा की खेद, हे ज्याने त्याने ठरवावे.

इंदुरास तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी त्यांना बोलाविले, तेव्हा शहराची अवस्था बिकट होती. १८९६ साली मुंबईत शिरलेल्या प्लेगने अवघा देश पोखरला होता आणि इंदूरही त्यातून सुटले नव्हते. प्लेगइतकीच दहशत प्लेगनिवारणाचीही होती. पुण्यात १८९७ साली घरोघर शिरून जे प्रकार झाले, ते मराठी माणूस सहजी विसरणारा नव्हता. तेव्हा दाढीवाला एक म्हातारा साहेब वही घेऊन गल्लीबोळ हिंडू लागला, की घर पाडण्याची नोटीस आलीच, असे लोकांनी समजावे यात नवल नाही. त्यांना पाहून लोक आडोशाला होत. गेडिस यांनी यावर जो उपाय केला, तो त्यांच्याच सांगण्यावरून त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविला आहे. त्यांनी महाराजांकडून एका दिवसाचे राज्य मागून घेतले! मग दवंडी पिटविली की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या हिंदूंच्या वा मुसलमानांच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावरील लोकांनी घरे अधिक झाडली, सारवली, दुरुस्त केली असतील, त्या रस्त्याने ती जाईल.

ती १९१७ ची दिवाळी. घरोघर चढाओढ लागली. शहरातून कचऱ्याच्या गाड्यांमागून गाड्या बाहेर पडल्या, उंदीर हजारोंनी पकडले गेले. मिरवणुकीत पुढे शेती व पिके यांचे देखावे होते, मागून रोगराईचे. घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अवाढव्य उंदीर होता. त्यानंतर आले शहरातील झाडूवाले. शुभ्र नवे कपडे, गळ्यात हार, हाती फुलांनी सजविलेले झाडू, असा त्यांचा थाट होता. त्यांच्यामागे लक्ष्मीच्या स्थानी इंदूर नगरीची देवता बसविली होती, आणि भावी शहराचे नमुनेही होते. तुळशीची रोपे लोकांना फुकट वाटण्यात आली. अखेरीस तो राक्षस व तो उंदीर दारूकामासह जाळण्यात आले. या कथेत थोडी अतिशयोक्ती असणे शक्य आहे; गेडिस हे रंगवून सांगणारे गृहस्थ होते. पण ज्यांची सावली टाळली जात असे, त्यांना हार घालून राजमार्गाने मिरविणे ही गोष्ट १९१७ साली कोणत्याही संस्थानात सोपी नव्हती. शाळेत इतिहास शिकविताना इंदूरच्या राजवाड्याचे मजले आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. या मिरवणुकीला मात्र पाठ्यपुस्तकात जागा नाही.

त्याच वर्षी त्यांचा थोरला मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला, आणि पत्नी ॲना हिंदुस्थानातच निवर्तली. एडिंबरोच्या त्या चाळीपासून प्रत्येक कामात त्या त्यांच्या सहकारी होत्या. इंदूरचे दोन खंड या दुःखाच्या छायेत लिहिले गेले आहेत. हे ध्यानात ठेवून वाचू लागले, की बागांविषयीचा त्यांचा आग्रह निराळाच वाटू लागतो.

आता त्या अहवालाच्या गाभ्याकडे वळू. इंदूर खान व सरस्वती या दोन लहान नद्यांच्या काठी वसले आहे. दोन्ही नद्यांना पावसाळ्यात पूर येतो, उन्हाळ्यात धार बारीक होते. शहरापुढे तेव्हा विलायती पद्धतीच्या भुयारी गटारांची योजना होती : प्रत्येक घरातील मैला पाण्याच्या लोंढ्याने वाहवून न्यावयाचा. गेडिस यांनी या योजनेस कडाडून विरोध केला. त्यांचा प्रश्न साधा होता. जेथे प्यावयास पाणी पुरत नाही, तेथे मैला वाहून नेण्यास पाणी कोठून आणणार? आणणारच असाल, तर तो मैला शेवटी जाणार कोठे? युरोपने एकोणिसाव्या शतकात ‘सर्व काही गटाराला’ असा नियम केला व आपल्या नद्या नासविल्या. हिंदुस्थानातील खेड्याचा जुना नियम ‘सर्व काही मातीला’ असा आहे आणि तोच शहराला लागू करावा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. सांडपाणी व मैला यांवर शहरातच आणि शहराभोवती मळे व बागा पोसाव्यात, नदीकाठ मोकळे करून तेथे घाट व उद्याने करावीत, म्हणजे गटाराचा खर्च वाचेल, भाजीपाला मिळेल आणि नदी नदीच राहील.

आपल्या शेतकऱ्याला यात नवीन काहीच नव्हते. ‘सोनखत’ हा शब्द ज्या भाषेत आहे, त्या भाषेला हे शिकविण्यासाठी स्कॉटलंडहून कोणी यावयास नको होते. नवीन होते ते इतकेच, की शास्त्रज्ञ म्हणून मान्यता पावलेला मनुष्य हे दरबारात लिहून देत होता, आणि त्यामागे रॉस्कॉफच्या त्या कृमीचा पुरावा होता.

गेडिस यांच्या कामातील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. त्यांचे लेखन पसरट असे. एका वाक्यात गटार, विद्यापीठ व पुराण तिन्ही येत. योजना सांगून ते पुढच्या शहरी जात, मागे अंमलबजावणी करणारा माणूस राहत नसे. राजाच्या मर्जीवर त्यांचा भरवसा फार. अहवालाच्या दुसऱ्या खंडात इंदूरच्या विद्यापीठाचे मोठे चित्र आहे. ते विद्यापीठ प्रत्यक्षात निघावयास १९६४ साल उजाडले, आणि त्या चित्राशी त्याचा संबंध नाममात्रच. १९१९ मध्ये गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्या शिफारशीने विलायतेस गेलेले गो. स. घुर्ये पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले. १९२४ साली गेडिस येथून गेले आणि १९३२ मध्ये फ्रान्समधील माँपेल्ये येथे वारले.

इंदुरात त्यांच्या विचाराचे पुढे काय झाले? १९२४ साली आल्बर्ट हॉवर्ड यांनी येथे वनस्पतिउद्योग संस्था स्थापन केली. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ते ठराविक दिवसांनी उलथून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची त्यांची कृती ‘इंदूर पद्धती’ या नावाने जगभर गेली. त्याविषयीच्या १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड हे नाव आहे. पुढे १९३४ साली जॅक्सन व वाड यांनी वस्तीतील मैला व कचरा यांस ही पद्धत कशी लावावी, यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. हॉवर्ड यांनी गेडिस यांच्यापासून उचल केली असे माझे म्हणणे नाही. पण सोळा वर्षांपूर्वी याच गावी ज्याला कल्पनाविलास समजले गेले, ते येथे मापाने व तारखेने सिद्ध झाले. सेंद्रिय शेतीचा इतिहास लिहिणारे परदेशी लेखक इंदूरचे नाव घेतात ते यासाठी.

दरबाराची रुची तोवर बदलली होती. १९३० नंतर यशवंतराव होळकरांनी एकार्ट म्यूटेझियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा सजवून घेतला. सामान युरोपातून आले, खोल्या यंत्राने थंड ठेवल्या गेल्या. ती वास्तू कलादृष्ट्या थोर आहे, यात शंका नाही. पण माळव्याच्या उन्हाशी व वाऱ्याशी तिने संभाषण सोडले होते.

शहर वाढले. पाण्याची टंचाई भागविण्यासाठी १९७० नंतरच्या दशकात सुमारे ७० किलोमीटरवरील जलूदहून नर्मदेचे पाणी पंपांनी चढवून आणण्यात आले. पाणी आले तसे सांडपाणी वाढले, आणि ते खान नदीत उतरले. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या होळकरांनी ज्या नदीच्या काठी बांधल्या, तिच्याजवळून जाताना नाकाला रुमाल लावावा लागे, हे माझ्या पिढीने अनुभवले आहे. मुले तिला ‘नाला’ म्हणत, आणि ‘ही नदी आहे’ असे सांगितले की हसत. अलीकडे पुष्कळ सुधारणा झाली, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. २०१७ ते २०२३ या सर्व वर्षी राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर प्रथम आले. २०२३ चा मान सुरतेबरोबर विभागून मिळाला. घराघरातून ओला व सुका कचरा वेगळा घेतला जातो. रोज ५५० टन ओला कचरा पचवून वायू व खत देण्याची क्षमता असलेला प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. कचऱ्यापुरता का होईना, शहराने ‘मातीला’ हा नियम स्वीकारला आहे.

नदीचा प्रश्न याहून अवघड आहे. खान पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, त्या क्षिप्रेला, जिच्यावरून येणाऱ्या वाऱ्याचे वर्णन कालिदासाने मेघदूतात केले आहे. २०१६ च्या सिंहस्थाच्या आधी स्नानाच्या घाटांवर स्वच्छ पाणी असावे म्हणून एक योजना पार पाडण्यात आली. तीत खानचे पाणी क्षिप्रेत मिसळण्यापूर्वीच मोठ्या नळात घेऊन, जमिनीखालून घाटांना वळसा घालून, नदीच्या खालच्या अंगाला सोडण्यात आले. घाटांवर लाखो लोकांनी स्नान केले. नळातून गेलेले पाणी पुढे त्याच नदीला मिळाले.