खाडीपलीकडचा योग

मढच्या जेट्टीवरून फेरीबोटीत बसले की काही मिनिटांत माणूस वेसाव्याला उतरतो. आमच्या कोळीवाड्यातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ही खाडी ओलांडत आल्या आहेत. माझी वहिनी त्यांतलीच. मासळीच्या पाट्या उचलून तिची कंबर धरलेली असते. एकदा मी तिला म्हटले, “रोज सकाळी दहा मिनिटे योगासने करून बघ.” किनाऱ्यावर बाहेरून आलेल्या मंडळींचे योगशिबिर चालले होते. रंगीत चटया, पांढरे कपडे, समोर कॅमेरा. तिकडे बोट दाखवत ती म्हणाली, “भावजी, तो शूटिंगवाल्यांचा. आपला नाय.”

मी पतपेढीत हिशेब लिहिण्यात आयुष्य काढलेला माणूस. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पण या वाक्याने मला कामाला लावले. योग मग आहे तरी कुणाचा? वाचत गेलो, तेव्हा या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग समोरच्या काठावरच सापडला.

वेसाव्याला समुद्रकाठी दादाभाई नौरोजींचा बंगला होता. दादाभाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे तिथे काढली आणि १९१७ साली ते गेले. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १९१८ रोजी, त्याच बंगल्यात ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू झाली. सामान्य माणसाला योग शिकवणारी जगातली सर्वांत जुनी संघटित संस्था म्हणून ती आज ओळखली जाते. त्या वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबईत हाहाकार माजवला होता आणि प्रकृती हा घराघरातला विषय झाला होता, हेही ध्यानात ठेवायला हवे.

संस्था काढणारे मणिभाई देसाई, म्हणजेच श्रीयोगेंद्र, तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. सुरतेकडचा हा कुस्तीचा शौकीन मुलगा शिकायला मुंबईत आला आणि नर्मदाकाठच्या मालसरचे परमहंस माधवदास यांचा शिष्य झाला. ‘योग शिकला म्हणजे घर सोडले’ ही त्या काळची पक्की समजूत. जोगी दारात आला तर भिक्षा घालावी, पण आपला मुलगा त्याच्या वाटेला जाऊ नये, असेच आईबापांना वाटे. योगेंद्रांनी संन्यास घेतला नाही. त्यांनी लग्न केले, संसार केला आणि संसारी माणसांना, आजाऱ्यांना योग शिकवला. त्यांच्या पत्नी सीतादेवींनी स्त्रियांसाठी योगाचे पुस्तक लिहिले, ते १९३४ साली प्रसिद्ध झाले. ‘बायकांनी आसने करू नयेत’ म्हणणाऱ्यांना घरातूनच मिळालेले हे उत्तर होते.

माधवदासांचे दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे. अमळनेरला शिक्षणाचे काम केलेला हा मराठी माणूस स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्ध झाला. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. उड्डियान, नौली करताना शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाब मोजण्याच्या उपकरणांनी तपासले. गुरूने सांगितले म्हणून मानायचे, ही रीत सोडून मोजून पाहायचे, ही रीत योगात आणणाऱ्यांत ते अग्रभागी होते.

आता दोन गैरसमजांकडे वळतो. पहिला असा, की आज वर्गात जे चालते ते हजारो वर्षे जसेच्या तसे चालत आले आहे. पतंजलीच्या योगसूत्रांची संख्या पाठभेदाप्रमाणे १९५ किंवा १९६. त्यांत आसनाविषयी थेट बोलणारी सूत्रे तीन, आणि त्यांत एकाही आसनाचे नाव नाही. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत आसने पंधरा, तीही बरीचशी बसून करायची. सूर्यनमस्काराचेही तसेच. आखाड्यांतला आणि उपासनेतला हा व्यायाम औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकात शाळाशाळांत पोहोचवला. योगेंद्रांचा तर सूर्यनमस्काराला योगात मिसळायला स्पष्ट विरोध होता. आज योगाचा वर्ग बहुधा सूर्यनमस्कारानेच सुरू होतो.

दुसरा गैरसमज याच्या उलट टोकाचा. आजची आसने म्हणजे विलायती कवायत, तिला आपण संस्कृत नावे चिकटवली, असे काही शिकलेली माणसे म्हणतात. त्यांनी ‘हठाभ्यासपद्धति’ या ग्रंथाकडे पाहावे. कपालकुरंटक नावाच्या ग्रंथकाराच्या या अठराव्या शतकातल्या कृतीचे हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात ११२ आसने आहेत. काही उभ्याने, काही हालचाल करत, काही चक्क दोरीच्या आधाराने करायची. इंग्रजी कवायत आपल्या शाळांत येण्याआधीच हे लिहून झाले होते. कवायतीचा आणि शारीरिक शिक्षणाचा परिणाम पुढे झाला, हे खरे. पण तो पडला तो आधीच चालत्या, बदलत्या परंपरेवर. शिवाय वाट दोन्ही दिशांची होती. योगेंद्र १९१९ च्या अखेरीस अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्क राज्यात त्यांनी योगाचे केंद्र चालवले. पुण्यात राहिलेल्या बी. के. एस. अय्यंगारांचे १९६६ सालचे पुस्तक जगभर गेले.

दोन्ही गैरसमजांचे मूळ एकच, असे मला वाटते. योग ही एकदाच घडून तयार झालेली वस्तू आहे, असे दोन्ही बाजू धरून चालतात. कागदपत्रे वेगळे सांगतात. मठात त्याचे एक रूप होते, आखाड्याच्या शेजाराने दुसरे झाले, वेसाव्याच्या बंगल्यात आणि लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत आणखी वेगळे. ज्या माणसाला गरज होती, त्याच्या शरीराप्रमाणे आणि दिनक्रमाप्रमाणे शिकवणाऱ्यांनी तो बदलला. २०१५ पासून २१ जूनला मैदाने भरतात, तेही त्याचे एक रूप. एकमेव नव्हे.

म्हणूनच वहिनीचे वाक्य मला लागले. संन्याशाकडून संसारी माणसाकडे योग आणण्याचे काम आमच्या समोरच्या काठावर शंभर वर्षांपूर्वी सुरू झाले आणि पहाटे चारला उठणाऱ्या मढच्या बाईपर्यंत ते अजून नीट पोहोचलेले नाही. तिला चटई नको, शीर्षासनही नको. पाटी उतरवल्यावर पाठ कशी सैल करावी, श्वास कसा घ्यावा, हे तिच्या बोलीत, तिच्या अंगणात सांगणारे कुणीतरी हवे.

मी शिक्षक नाही, म्हणून वहिनीला एका जाणत्या बाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी आधी तिची कंबर पाहिली, डॉक्टरांचे कागद पाहिले, मग खुर्चीवर बसून करायच्या तीन साध्या गोष्टी शिकवल्या. आता ती ओट्यावर बसून त्या करते. शेजारणी पाहतात. परवा एकीने विचारले, “ह्यो योगा हाय?” वहिनी म्हणाली, “व्हय. आपलाच हाय.”