डिस्क बदलली तरी नाव तेच: व्हीएमएसची गोष्ट

तुमच्या फोनमध्ये आईचा नंबर 'आई' या नावाने सेव्ह असतो. तिने नंबर बदलला की तुम्ही एकाच ठिकाणी बदल करता, नाव तेच राहतं. हीच युक्ती कॉम्प्युटरच्या डिस्कना कशी लावली गेली, ते आज बघू.

२५ ऑक्टोबर १९७७. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने, म्हणजे 'डेक' कंपनीने, वॅक्स-११/७८० हे मशीन जाहीर केलं. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम व्हीएमएस. एकाच मशीनवर अनेक जण टर्मिनलवरून काम करायचे आणि सगळ्यांच्या फायली मोजक्या डिस्कवर राहायच्या. तेव्हाची आरपी०६ डिस्क वॉशिंग मशीनएवढी, आणि त्यात मावायचं किती? साधारण १७६ एमबी! आज फोनवर काढलेला काही मिनिटांचा व्हिडिओसुद्धा त्याहून मोठा भरतो.

म्हणजे डिस्क भरणारच. मग दुसरी आणा, तिसरी आणा, निम्म्या लोकांना तिकडे हलवा. अडचण इथेच होती. व्हीएमएसमध्ये डिस्कचं खरं नाव 'डीयूए१' अशा प्रकारचं असायचं: डिस्कचा प्रकार, कुठल्या कंट्रोलरला जोडलीय आणि कितव्या नंबरची. हा झाला पत्ता. लोकांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये हाच पत्ता लिहिला, तर डिस्क हलवली की प्रत्येक प्रोग्रॅम शोधून दुरुस्त करा.

व्हीएमएसचं उत्तर होतं 'लॉजिकल नेम'. सिस्टिम मॅनेजर डिफाइन कमांड देऊन सांगायचा, की 'लेखा_डिस्क' म्हणजे सध्या डीयूए१. युजरच्या खात्यातही डीयूए१ न लिहिता हेच नाव लिहायचं. उद्या लेखा विभागाला डीयूए३ वर न्यायचं ठरलं, तर रात्री फायली कॉपी करायच्या आणि मशीन सुरू होताना चालणाऱ्या फाइलमधली एक ओळ बदलायची. सकाळी लोक लॉगिन करतात आणि आपल्याच डिरेक्टरीत पोचतात. बाकीच्या विभागांना धक्काही नाही.

एका नावामागे दोन डिस्कही ठेवता यायच्या. फाइल शोधताना सिस्टिम आधी पहिली डिस्क बघणार, मग दुसरी. पण नवी फाइल मात्र यादीतल्या पहिल्या डिस्कवरच बनणार. म्हणजे नुसती यादी केली म्हणून भार आपोआप वाटला जात नाही, बरं का. लोकांची वाटणी मॅनेजरलाच करावी लागायची.

आणखी एक पेच. साधा युजरही स्वतःपुरतं तेच नाव वेगळ्या जागेकडे वळवू शकायचा, आणि त्याचं नाव आधी बघितलं जायचं. टेस्टिंगला हे मस्त. पण जास्त अधिकार असलेला प्रोग्रॅम अशा नावावर विसंबला तर फसेल. म्हणून मॅनेजरची नावं 'एक्झिक्युटिव्ह मोड'मध्ये ठेवायची सोय होती, आणि असे प्रोग्रॅम फक्त त्यांच्यावरच विश्वास ठेवायचे.

व्हीएमएस घडवणाऱ्यांपैकी डेव्ह कटलर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि विंडोज एनटीचं काम त्यांच्या नेतृत्वाखाली झालं. एनटीच्या पोटात 'सी ड्राइव्ह' हेसुद्धा खऱ्या डिव्हाइसकडे बोट दाखवणारं नुसतं नाव आहे.

आणि तुमचा अँड्रॉइड? त्यात 'एसडीकार्ड' नावाचा पाथ आजही चालतो, फोनमध्ये कार्डाचा स्लॉटच नसला तरी! तो फोनच्या आतल्या स्टोरेजकडे नेतो. जुनी अ‍ॅप्स बंद पडू नयेत म्हणून नाव टिकलं, पण ते जागेवरून ठेवलेलं असल्यामुळे आता गोंधळात टाकतं. 'लेखा_डिस्क'चं तसं होत नाही, कारण डिस्क कुठलीही असो, काम लेखा विभागाचंच राहतं.

तेव्हा पुढच्या वेळी कोडमध्ये एखादा पाथ थेट लिहायला जाल, तेव्हा दोन सेकंद थांबा. त्याला कामावरून एक नाव द्या आणि खरा पत्ता एकाच ठिकाणी ठेवा. भेटू पुढच्या भागात!