जोतीबांनी इतिहास कुणासाठी लिहिला?

जोतीबा फुल्यांना समाजसुधारक म्हणून हार घातला की आपण मोकळे. पण जोतीबा इतिहासकार होते. कष्टकऱ्यांच्या पोरांना कळेल त्या भाषेत शाळा मागणारे लढवय्येही होते. ही दोन्ही कामं त्यांच्या हिशेबी एकच होती, हे मला इथं सांगायचंय.

जन्म 1827 चा. 1848 ला पुण्यात मुलींची शाळा, मग महार-मांगांच्या पोरांसाठी शाळा. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग पोरीनं महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो 1855 साली 'ज्ञानोदया'त छापून आला. पेशवाईत आपल्या माणसांचं काय केलं, ते तिनं नोंदवून ठेवलं. शाळा नसती तर ही साक्ष तिच्याबरोबरच मसणात गेली असती.

1869 साली जोतीबांनी शिवाजीराजांचा पवाडा रचला. प्रस्तावनेत सांगून टाकलं, की हा कुणबी, माळी, महार, मांगांसाठी आहे, म्हणून लांबलचक संस्कृत शब्द यात घातले नाहीत. मी साच्यावर काम करतो. जेवणाच्या सुट्टीत हा पवाडा मोठ्यानं वाचला, तर अक्षरओळख नसलेला म्हातारा विचारतो, "हे आपल्याच माणसानं लिव्हलंय का रं?" ह्याहून मोठी पावती कंची?

1873 च्या 'गुलामगिरी'त धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतो. अवतारकथा ते उलट्या करून वाचतात, बळीराजाच्या बाजूनं. म्हसोबा-खंडोबात बळीच्या राज्याचे अधिकारी शोधतात. पोथी ज्यांच्या हातात नव्हती, त्यांचे देव हीच त्यांची कागदपत्रं.

19 ऑक्टोबर 1882 ला हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. निदान 12 वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. मोडी, बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण शिकवा, थोडी शेतीही शिकवा. मास्तर शेतकरी वर्गातून घ्या. सारा शेतकऱ्यानं भरायचा आणि कॉलेजं वरच्यांची, हा हिशेब त्यांनी सरकारपुढं ठेवला.

असाच एक माणूस दूर वेल्समध्ये झाला, ओवेन एडवर्ड्स. जन्म 1858. शाळेत मातृभाषा बोलला म्हणून गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे. तोच पुढं ऑक्सफर्डात इतिहास शिकवू लागला, वेल्श भाषेत पोरांसाठी मासिक काढलं, 1907 ला वेल्सचा मुख्य शाळा-तपासनीस झाला. पेशव्यांच्या पुण्यात आपल्या गळ्यात मडकं होतं, हे बाबासाहेबांनी 1936 साली लिहून ठेवलंय. त्याची पाटी शाळेत तरी अडकवली. आपल्याला शाळेची पायरीही नव्हती.

इथं मराठवाड्यात निजामाचं राज्य होतं; त्यानं 1918 साली हैदराबादेत उर्दू माध्यमाचं विद्यापीठ काढलं. मराठी बोलणाऱ्या गरिबाच्या पोराला शिक्षणाची वाट आणखी लांब झाली. बाबासाहेबांनी 1950 ला या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज उघडलं, तेव्हा कुठं आपल्या पोरांना दार दिसलं.

कुणी म्हणेल, मग इंग्रजी नको का? हवीच! हंटरचं निवेदन जोतीबांनी इंग्रजीतच दिलं, 'गुलामगिरी'ला इंग्रजी प्रस्तावनाही जोडली. सरकारशी सरकारच्या भाषेत भांडायचं. घरच्या माणसाला घरच्या भाषेत जागं करायचं.

अन् जोतीबांचा शब्द म्हणजे वेद नव्हे. बाबासाहेबांनी 1946 साली शूद्रांवरचा ग्रंथ त्यांनाच अर्पण केला आणि त्याच ग्रंथात आर्यांच्या स्वारीचा सिद्धांत खोडून काढला. गुरूला मानायची ही आपली रीत: पाया पडायचं नाही, पुरावा तपासायचा.

आता आपली पत्रकं बघा. अर्धे शब्द वस्तीतल्या आईला कळत नाहीत. मग ती पत्रकं आपण कुणासाठी छापतो? वह्या काढा. आपल्या म्हाताऱ्यांनी सोसलेलं त्यांच्याच बोलीत लिहून घ्या, सालं विचारा, कागदांशी ताडून बघा. म्हातारी माणसं रोज मरताहेत, आणि त्यांच्याबरोबर आपला इतिहासही मातीत चाललाय.