पाच रोपं आणि पिंपातलं गोडं पाणी

परसबागेवर बोललो तेव्हापासून बऱ्याच गटांतून एकच प्रश्न येतोय. कुंडीतल्या स्ट्रॉबेरीला पाणी किती घालायचं? कुणी म्हणतं रोज, कुणी म्हणतं दोन दिवसांआड. कुणाचं रोप पाण्याने कुजलं, तर कुणाचं पाण्यावाचून वाळलं. उत्तर आम्ही देणारच आहोत, पण जरा वळसा घेऊन. कारण या रोपाची गोष्टच मुळी पाण्यापासून सुरू होते.

आज आपण खातो ती मोठी, लालभडक स्ट्रॉबेरी तीनशे वर्षांपूर्वी जगात कुठेच नव्हती. युरोपच्या रानात बोराएवढ्या लहान स्ट्रॉबेऱ्या मिळायच्या. मोठं फळ होतं ते दक्षिण अमेरिकेत, चिली देशाच्या किनाऱ्यावर. तिथले मापुचे लोक ती पिढ्यान् पिढ्या लावत आले होते. 1712 साली फ्रान्सच्या राजाने फ्रेझिये नावाचा एक लष्करी इंजिनियर तिकडे पाठवला. काम होतं स्पॅनिश लोकांचे किल्ले गुपचूप पाहून नकाशे काढायचं. किल्ले पाहता पाहता या गृहस्थाचं लक्ष तिथल्या स्ट्रॉबेरीवर गेलं. परतताना त्याने पाच रोपं जहाजावर घेतली.

आता विचार करा. प्रवास सुमारे सहा महिन्यांचा. चहूकडे समुद्र, पण पिण्याचं गोडं पाणी तेवढं पिंपांत भरून घेतलेलं. माणसांनाच मोजून मिळायचं, तिथे रोपांना कोण देणार? जहाजावरच्या मालाचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याने त्या पिंपातलं पाणी रोपांना घालू दिलं. 1714 च्या ऑगस्टमध्ये जहाज मार्सेय बंदराला लागलं, तेव्हा पाचही रोपं जिवंत होती. फ्रेझियेने त्यातली दोन त्या अधिकाऱ्याला दिली, पाण्याबद्दल. एक राजाच्या बागेत गेलं, एक वरिष्ठांना दिलं, आणि स्वतःकडे राहिलं एकच.

पाचातली दोन! आम्ही हे वाचलं तेव्हा तिथेच थांबलो. पाण्याचा एवढा चोख हिशोब तेव्हा झाला. आपल्याकडे उन्हाळ्यात डोक्यावरून आणलेल्या हंड्याचा हिशोब कुणी धरतं का? परसबागेचं शिबिर होतं, रोपं वाटली जातात, खताचा खर्च वहीत लिहिला जातो. पाण्याच्या खेपा मात्र कुणी लिहीत नाही, कारण त्या बाईच्या असतात. म्हणून आमचं सरळ म्हणणं आहे: गटात कुंड्या किती घ्यायच्या हे ठरवताना आधी मे महिन्यात तुमच्या घरी पाणी कुठून येतं ते पाहा. चार कुंड्यांसाठी जास्तीची खेप पडणार असेल तर दोनच लावा.

पुढची गंमत ऐका. फ्रेझियेने मोठ्या फळांची रोपं निवडली खरी, पण ती सगळी मादी निघाली. फ्रान्समध्ये फुलायची, फळ धरायचं नाही. बऱ्याच वर्षांनी लोकांच्या ध्यानात आलं की शेजारी उत्तर अमेरिकेतली, व्हर्जिनियाची स्ट्रॉबेरी लावली की फळ धरतं. या दोघींच्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी झाली. विशीही न गाठलेल्या द्युशेन नावाच्या मुलाने 1766 मध्ये हे पुस्तकात मांडलं. म्हणजे तिची एक बाजू थंड, दमट समुद्रकाठची आहे. आपलं रखरखीत ऊन तिला का सोसत नाही, ते इथे कळतं.

आपल्याकडे ती आली इंग्रजांबरोबर, महाबळेश्वरला. 1829 च्या सुमारास साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून इंग्रजांनी तो डोंगर घेतला आणि गव्हर्नर माल्कमच्या नावाने पेठ वसवली. तिथल्या तुरुंगात चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते. गोऱ्यांच्या जेवणासाठी बटाटे आणि परदेशी भाज्या पिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. 1864 मध्ये तो तुरुंग बंद झाला. डोंगरावरच्या बागाईतीचा विषय निघाला की बंगल्यांची नावं सगळ्यांना आठवतात, या कैद्यांचे हात कुणाला आठवत नाहीत.

महाबळेश्वरला वर्षाला साधारण 5,500 ते 6,000 मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही तिथे पाणी साठवावं लागलं. वेण्णा तलाव साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी 1842 मध्ये बांधून घेतला. चार महिने कोसळायचं आणि उरलेले आठ महिने वाहून गेलेल्याची आठवण काढायची, हे डोंगरातल्या बाईला सांगायला नको.

या पावसाने स्ट्रॉबेरीच्या शेतकऱ्याला एक युक्ती शिकवली. एवढ्या पाण्यात रोप टिकत नाही, मुळं कुजतात. म्हणून परदेशातून आणलेली मातृरोपं पावसाळ्यात पसरणी घाट उतरून वाई भागात वाढवतात. वाईचा पाऊस वरच्या पावसाच्या पाव हिश्शाहूनही कमी. तिथे रनर फुटतात, त्यांची रोपं होतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती वर जाऊन गादीवाफ्यांवर बसतात. स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोसा ही नावं तुम्ही ऐकली असतील. 2010 मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात घाटाखालच्या या पावसाळी वाढीचाही वाटा आहे.

मग आलं ठिबक. सिम्खा ब्लास नावाच्या इस्रायली इंजिनियरला एक झाड आजूबाजूच्या झाडांपेक्षा जोमात वाढलेलं दिसलं. पाहतो तर जवळच पाइप गळत होता. त्यातून पुढे थेंबाथेंबाने पाणी देण्याची पद्धत निघाली आणि 1965 पासून तिथल्या एका वस्तीत तिचा कारखाना चालू झाला. 1980 नंतर ती महाराष्ट्रात पसरली. स्ट्रॉबेरीला ती अगदी मानवली. हिची मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात. एकदम घागर ओतली तर पाणी खाली निघून जातं आणि दुसऱ्या दिवशी वरची माती पुन्हा कोरडी. थोडं आणि वारंवार, हेच हिचं मागणं.

आता तुमची कुंडी. तळाला भोक हवंच. बोटाची दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नको. सकाळी घाला, मातीवर घाला, पानाफुलांवर नको. मधला कोंब मातीत गाडू नका, तिथे पाणी साचलं की रोप गेलं. पान मलूल दिसलं की आपण घाईने तांब्या उचलतो. आधी माती चाचपा. माती ओली असून पान मान टाकत असेल तर मुळं कुजतायत, पाणी थांबवा.

थंडीत एक-दोन दिवसांआड पुरतं. फळ भरायला लागलं की ओल तुटू देऊ नका, नाहीतर फळ बारीक राहतं. मार्चपासून ऊन चढलं की कुंडी दुपारच्या उन्हातून हलवा, वर भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट पसरा आणि रोज सकाळी पाणी द्या. पेंढ्यामुळे फळही मातीला टेकत नाही. बोअरचं खारट पाणी हिला चालत नाही, पानांच्या कडा करपतात. पागोळ्यांचं पाणी साठवता आलं तर उत्तम. तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी चालेल. साबणाचं किंवा मोरीचं मुळीच नको, हे फळ आपण कच्चंच खातो.

पावसाळ्यात कुंडी वळचणीपासून आत घ्या, पण उजेड मिळू द्या. याच दिवसांत रनर सुटतात. त्यातले दोन-तीन ठेवा, बाकीचे खुडा. ठेवलेल्याचं टोक शेजारच्या लहान कुंडीत मातीला टेकवून केसाच्या पिनेने अडकवा. ती माती ओलसर ठेवा आणि तीन-चार आठवडे मधली दोरी कापू नका. तोवर पिल्लाला पाणी आईच्या मुळांतूनच येत असतं.