सोहारमध्ये रात्री ऐकू येणारी मुंबई

आपल्या लोकांच्या इतिहासात सोहारचं नाव सहसा येत नाही. एडन येतं, कराची येतं, रंगून येतं. ओमानच्या बातिना किनाऱ्यावरचं हे जुनं बंदर मात्र राहून जातं. खरं तर यहुदी माणसाचा आणि सोहारचा संबंध अकराशे वर्षांचा आहे. दहाव्या शतकातल्या बुझुर्ग इब्न शहरियारच्या ग्रंथात इसहाक बिन यहूदा नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट आहे. हा सोहारचा माणूस दोनशे दिनार घेऊन घराबाहेर पडला आणि तीस वर्षांनी, इ.स. ९१२ च्या सुमारास, चीनहून जहाजभर कस्तुरी, रेशीम आणि चिनी मातीची भांडी घेऊन परतला. पुढे १८३५ च्या सुमारास वेलस्टेड या इंग्रज अधिकाऱ्याला मस्कतमध्ये बगदादहून पळून आलेली यहुदी कुटुंबं भेटली होती. आम्ही नोकरीसाठी गेलो तेव्हा यातलं काही उरलं नव्हतं. सिनेगॉग नाही, मिन्यान नाही, हज्जन नाही. सणांच्या तारखा मुंबईहून आलेल्या कॅलेंडरात बघायच्या आणि खोलीतच दिवा लावायचा.

आम्ही म्हणजे नर्सेसच्या क्वार्टर्समधल्या तिघी. दोघी बेने इस्राएल, तिसरी सांगलीची. १९८७ पासून पुढची आठ वर्षं आम्ही तिथे काढली. घरचा माणूस शोधायचा तर तिथे एकच वाट होती, ती म्हणजे मीडियम वेव्ह रेडिओ. आज त्याच वाटेबद्दल लिहायचं आहे, कारण तो नुसता करमणुकीचा छंद नव्हता.

सोहार ते मुंबई सरळ रेषेत साधारण १,७५० किलोमीटर, आणि मधे जवळजवळ सगळा समुद्रच. दिवसा रेडिओ लावला तर जवळची अरबी केंद्रं लागत, बाकी खरखर. सूर्य बुडाला की चित्र पालटे. कारण असं आहे, की वातावरणात खूप उंचावर विजेने भारलेले थर असतात. त्यातला सर्वांत खालचा थर उन्हामुळे तयार होतो आणि मीडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो. अंधार पडला की तो विरतो. मग त्याच लहरी वरच्या थरांपर्यंत पोचतात, तिथून वळून पुन्हा जमिनीवर येतात, आणि शेकडो मैलांवरचा आवाज उशाशी बसतो.

म्हणजे दोन्ही टोकांना रात्र हवी. मुंबईचा सूर्य सोहारच्या तासभर आधी उगवतो. त्यामुळे पहाटे आमच्याकडे मिट्ट काळोख असला तरी तिकडे उजाडलं की मुंबई हळूहळू मंदावत जाई. ओमानचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे. आकाशवाणीचं संस्कृत वार्तापत्र भारतात सकाळी ६.५५ ला असतं, तेव्हा आमच्याकडे ५.२५. जानेवारीत मुंबईला सूर्योदय सव्वासातच्या आसपास, म्हणून ते वार्तापत्र ऐकू येई. जूनमध्ये मुंबईत सहालाच उजाडतं, तेव्हा त्या वेळेला नुसती खरखर. आम्हाला ऋतू कळत तो असा. एरवी सोहारमध्ये दोनच ऋतू, उकाडा आणि जास्त उकाडा.

मुंबई ब केंद्र ५५८ किलोहर्ट्झवर. जुन्या मंडळींना ५३७.६ मीटर म्हटलं की लगेच आठवेल. पण त्याच आकड्यावर रात्री फारसी बोलणारं एक जबरदस्त केंद्र चढून बसे. यावर इलाज आम्हाला हॉस्पिटलमधल्या एका मल्याळी एक्स-रे टेक्निशियनने शिकवला. ट्रान्झिस्टरच्या पोटात काळ्या फेराइटची एक कांडी असते, तीच मीडियम वेव्हची एरियल. ती कुशीकडून ऐकते आणि टोकाकडून बहिरी असते. म्हणून टोक इराणकडे, म्हणजे उत्तरेला करायचं. फारसी दबते आणि आग्नेयेची मुंबई वर येते. खोलीत एअर कंडिशनर आणि ट्यूबलाइटचा कचरा फार, म्हणून गच्चीवर जायचं. तिथे पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर रेडिओ ठेवून तो इंच इंच फिरवणाऱ्या बायका बघून खालचा वॉचमन काय समजत असेल देव जाणे.

या टेक्निशियनला आम्ही अच्चायन म्हणत असू. लांबची केंद्रं पकडणं हा त्याचा पंधरा वर्षांचा छंद. या छंदाला जगभर डीएक्सिंग म्हणतात. तारायंत्राच्या काळात अंतराला डीएक्स हा संक्षेप होता, तोच चिकटला. केंद्र ऐकायचं, तारीख, वेळ आणि कार्यक्रमाचा तपशील लिहायचा आणि तो अहवाल केंद्राला टपालाने पाठवायचा. तपशील जुळला तर केंद्राकडून एक छापील कार्ड येतं, त्याला क्यूएसएल म्हणतात. आवाजाचा दर्जा पाच आकड्यांत लिहायचा. जोर किती, दुसऱ्या केंद्राचा त्रास किती, खरखर किती, चढ-उतार किती आणि एकूण कसं. आम्हाला हे फार सोपं गेलं. जन्मभर टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशनचे तक्ते भरणाऱ्या बायका आम्ही. महिन्याभरात आमची वही अच्चायनच्या वहीपेक्षा नीट झाली, हे त्यानेच कबूल केलं.

एक गंमत त्या वहीमुळेच लक्षात आली. मीडियम वेव्हचे सगळे आकडे नऊने भागतात. ५५८ भागतो, राजकोटचं महाकाय केंद्र १०७१ भागतं, मसिरा बेटावरून येणारं बीबीसीचं १४१३ भागतं. नोव्हेंबर १९७८ पासून आशिया, आफ्रिका आणि युरोपात केंद्रांमधलं अंतर नऊ किलोहर्ट्झ ठरलेलं आहे. अमेरिकेत ते दहा आहे. तेव्हा न्यू जर्सीतल्या भाच्याने पाठवलेला डिजिटल रेडिओ अश्दोदला नीट लागत नसेल तर तो बिघडला असं समजू नका. मागे किंवा आत ९-१० चं बटण असतं, ते बघा.

पहाटेची मुंबई सुरू होताना आधी ती धून यायची. तंबोऱ्यावर व्हायोलिन, सगळ्या भारताला पाठ असलेली. ती धून वॉल्टर कॉफमन यांनी बांधली असं मानलं जातं. हे कार्ल्सबादचे यहुदी संगीतकार. १९३४ साली युरोपातली हवा बिघडलेली पाहून मुंबईला आले, आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले आणि १९४६ पर्यंत मुंबईत राहिले. ते आपल्यातले नव्हते, बेने इस्राएल नव्हते. तरी एका यहुदी निर्वासिताने बांधलेली धून अरबी समुद्र ओलांडून आम्हा दोघींना पहाटे साडेचारला उठवायची, याचं आम्हाला अप्रूप होतं. सांगलीकरणीला ‘आपली आवड’ लागलं की पुरे असे.

आता मुख्य गोष्ट. अच्चायनच्या वहीत ७३८ किलोहर्ट्झ या ओळीपुढे फक्त ‘अरबी’ एवढंच लिहिलेलं होतं. ते कोल इस्राएलचं अरबी केंद्र होतं, खास शेजारी देशांतल्या श्रोत्यांसाठी चालवलेलं. सोहारपासून लोद साधारण २,३०० किलोमीटर, आणि मधे वाळवंट. हिवाळ्यात रात्री सातनंतर ते येई, कधी ढोलासारखं, कधी दाराआडून बोलल्यासारखं. ओमान आणि इस्राएल यांच्यात तेव्हा कसलेही संबंध नव्हते. आमच्यातल्या एकीची थोरली बहीण लोदला आणि दुसरीची आत्या दिमोनाला. त्यांना पत्र लिहायचं तर आम्ही ते मुंबईला पाठवत असू, तिथून दुसऱ्या पाकिटात ते पुढे जाई. उत्तर त्याच वाटेने. दोन महिने सहज जात. अच्चायन सगळ्या केंद्रांना अहवाल धाडायचा, पण ७३८ ची पत्त्याची जागा त्याच्या वहीत कोरीच राहिली, आणि आमच्याही.

भाषेची गोष्ट मोठी विचित्र होती. हिब्रू आम्हाला तफिल्ल्याची, पाठ केलेली. बातम्यांची हिब्रू कळत नव्हती. अरबी मात्र वॉर्डात शिकलो होतो. मुस्तश्फा म्हणजे हॉस्पिटल, जरीह म्हणजे जखमी, वजा म्हणजे दुखणं, माय म्हणजे पाणी. ओमानी आजीबाईंनी, बाळंतिणींनी आणि दम्याच्या मुलांच्या आयांनी शिकवलेली ही अरबी. यहुदी देशाची बातमी आम्हाला कळायची ती त्यांच्या शब्दांतून.

१७ जानेवारी १९९१ ला आखाती युद्ध सुरू झालं. शुक्रवारी, १८ तारखेला, इस्राएलमध्ये रात्री दोनच्या सुमारास इराकची पहिली क्षेपणास्त्रं तेल अवीव आणि हैफावर पडली. आमच्याकडे तेव्हा पहाटेचे चार, दोन्ही टोकांना रात्र. एक जण रात्रपाळीवर होती. गच्चीवर दोघी. एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, सारूख. तो वॉर्डात कधी ऐकला नव्हता. त्यामागून जरीह आला, मुस्तश्फा आला, तेव्हा सारूखचा अर्थ कोणी सांगायची गरज राहिली नाही. मग १४१३ वर बीबीसी लावून खात्री केली. गावं कोणती ते त्या पहाटे नीट कळलं नाही. लोद तेल अवीवपासून किती जवळ आहे हे आम्हाला माहीत होतं.

नंतरचे सहा आठवडे आम्ही पाळ्या लावून ऐकलं. ज्या रात्री हल्ला झाला त्याच्या सकाळी कोपऱ्यावरच्या बूथवरून मुंबईला फोन करायचा. भायखळ्याला घरी फोन नव्हता, खालच्या मजल्यावरच्या बोहरी शेजाऱ्यांकडे होता. ते वर निरोप द्यायचे. पैसे इतके जात की बोलणं तीन वाक्यांत संपवायचं: कुठे पडलं, किती जखमी, तिकडून काही कळलं का. आम्ही तिकडची बातमी मुंबईला देत होतो आणि आमच्याच बहिणीची खुशाली मुंबईकडून मागत होतो. बहिणीचं पहिलं पत्र हाती आलं तेव्हा युद्ध संपून गेलं होतं.

तिकडे काय चाललं होतं ते पुढे त्या पत्रांतून आणि भेटींतून समजलं. घराची एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद केलेली, तिच्यात मास्क घालून बसायचं, आणि सोबत रेडिओ. सगळ्या वाहिन्या एकत्र करून एकच प्रसारण चालू होतं. धोक्याचा सांकेतिक शब्द ‘नाखाश त्सेफा’, म्हणजे विषारी साप. लष्कराचे प्रवक्ते नाखमन शाय शांत आवाजात लोकांना पाणी प्यायला सांगत. शब्बाथ पाळणाऱ्यांसाठी एक शांत लहर ठेवली होती. शुक्रवारी सूर्यास्ताआधी रेडिओ त्या आकड्यावर लावून ठेवायचा. तो मुका राहणार, बोललाच तर धोका असेल तेव्हाच. लोदची आमची बहीण सांगते, त्या मुक्या रेडिओकडे बघत बसणं हल्ल्यापेक्षा जड जायचं.

इथे नर्स म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या सहा आठवड्यांत थेट क्षेपणास्त्राने जितके दगावले त्याहून जास्त माणसं हृदयविकाराने आणि मास्क चुकीचा लावल्यामुळे गेली. काहींनी फिल्टरचं बूच न काढताच मास्क चढवला आणि गुदमरली. वायूचा हल्ला झालेला नसताना अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन टोचून घेतलेले पुष्कळ जण हॉस्पिटलात आले. कागदावर छापलेल्या सूचना भीतीच्या वेळी कोणी वाचत नाही. शांतपणे सांगणारा आवाज लागतो, आणि तो तेव्हा रेडिओवर होता.

युद्ध संपलं. २९ जानेवारी १९९२ ला भारत आणि इस्राएल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले, मुंबईची वाट मोकळी झाली. डिसेंबर १९९४ मध्ये यित्झाक राबिन चक्क मस्कतला आले. त्या दिवशी वॉर्डातल्या टीव्हीसमोर ओमानी, मल्याळी आणि आम्ही, सगळेच उभे होतो. १९९६ मध्ये मस्कतला इस्राएलचं व्यापार कार्यालय उघडलं, २००० मध्ये बंदही झालं. आम्ही तोवर परतलो होतो. मसिराचं बीबीसीचं केंद्र २००२ मध्ये ओमानच्या मुख्य भूमीवर, असीलाला हललं. कोल इस्राएल मे २०१७ मध्ये बंद झालं, त्याच्या जागी ‘कान’ आलं. आता बहीण व्हिडिओ कॉलवर स्वयंपाक करताना बोलते आणि आमटीला उकळी आली की फोन ठेवते.

आमची वही अजून आहे. निळ्या शाईतल्या जानेवारीच्या पानांवर ७३८ समोर वेळा आणि पाच-पाच आकडे आहेत. १८ तारखेला चारचा आकडा लिहून पुढे रकाने भरलेलेच नाहीत. एरवी नीटनेटक्या वहीत तेवढीच ओळ अर्धी आहे.

ही ओळ पुरी करण्यासाठी तुमची मदत हवी आहे. लोद, रामला, अश्दोद, बेर शेवा, दिमोना, कुठेही असाल, त्या रात्री तुमच्या बंद खोलीत कोणता रेडिओ होता, कोणती वाहिनी लावली होती, मुंबईला पहिला निरोप कधी आणि कसा गेला, हे घरातल्या मोठ्यांना विचारून कळवा. आखातात तेव्हा आपले आणखी कोण होते, बहारीनला, कुवेतला, दुबईला, तेही लिहा. कुवेतमधून १९९० मध्ये निघून आलेल्यांपैकी कोणी वाचत असेल तर त्यांनी आधी लिहावं. कोणाकडे जुनी क्यूएसएल कार्डं असतील तर ती टाकू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढून पाठवा, मागच्या बाजूची तारीख दिसली पाहिजे.