पेल्यातला कंद

टोपलीतल्या कांद्याला कोंब फुटला की आपण तो मोडून कांदा आमटीत टाकतो. आज आम्ही कांद्यासारख्याच दिसणाऱ्या फुलांच्या कंदांचा इतिहास सांगणार आहोत.

हे कंद हॉलंडचे, म्हणजे नेदरलँड्सचे. पण ट्यूलिप मूळचं तिथलं नाही, तुर्कस्तानाकडून आलेलं. १५९३ साली क्लुसियस नावाचे वनस्पतितज्ज्ञ लायडन विद्यापीठाच्या बागेत आले आणि त्यांनी तिथं ट्यूलिप लावलं. पुढे लोकांना या कंदांचं वेड लागलं. भाव चढत गेले आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये एकदम कोसळले.

अठराव्या शतकात युरोपात हायसिंथचा कंद घरातच फुलवायची रीत रुळली. अरुंद गळ्याच्या काचेच्या पेल्यावर कंद ठेवायचा, पाणी त्याच्या बुडाच्या जरा खाली. काही आठवडे पेला थंड, अंधाऱ्या जागी राहतो. मुळं भरली की खिडकीत आणायचा. माती लागत नाही, कारण फुलाची शिदोरी कंदातच असते.

हीच शिदोरी एकदा माणसांनी खाल्ली. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडच्या रेल्वे कामगारांनी जर्मन फौजांविरुद्ध संप केला. जर्मनांनी सूड म्हणून पश्चिम भागात जाणारं धान्य अडवलं. त्यात कडक हिवाळा, कालवे गोठले. बाया सायकली घेऊन खेड्यापाड्यांत गेल्या, घरातल्या चादरी आणि दागिने देऊन बटाटे आणू लागल्या. तेही मिळेना तेव्हा ट्यूलिपचे कंद चुलीवर चढले. साल काढायची, मधला विषारी कोंब काढून टाकायचा, मग उकडायचं किंवा दळून पीठ करायचं. तरीही सुमारे वीस हजार माणसं दगावली. मे १९४५ मध्ये देश सुटला.

त्या दिवसांत पोटात असलेल्या बाळांचा डॉक्टरांनी पुढे अभ्यास केला. मोठेपणी त्यांच्यात मधुमेहासारखे आजार जास्त आढळले. आईची उपासमार लेकराला आयुष्यभर पुरते. म्हणून गरोदर सुनेच्या ताटात शेवटी उरलेलं वाढू नका, एवढंच आमचं सांगणं.

आणि घरात लहान मूल असेल, तर कोंब आलेला एक कांदा मोडू नका. पेल्याच्या तोंडावर ठेवा, बुडाला जेमतेम पाणी लागू द्या. पाणी रोज मुलाला बदलू द्या. काही दिवसांत पांढरी मुळं दिसतील, वर हिरवी पात येईल. पुढे तो मातीत लावला, तर डेंगळाही येईल. कुंडीत लिली किंवा गुलछडी लावणार असाल, तर एक सांभाळा. फुलांचे कंद कांद्याच्या टोपलीजवळ ठेवू नका. बरेच कंद विषारी असतात आणि मुलाला दोन्ही सारखेच दिसतात. हा कंद खायचा नाही, हे त्याला लावतानाच सांगा.