हेलेनेंडॉर्फचे फोरर : द्राक्षमळे आणि हद्दपारी

१/ १८१९ साली जर्मनीच्या व्युर्टेंबर्ग राज्यातून आलेल्या शेतकऱ्यांनी झारच्या परवानगीने कॉकेशसमध्ये, आजच्या अझरबैजानातील गांजा शहराजवळ, हेलेनेंडॉर्फ हे गाव वसवले.

२/ द्राक्षशेतीची परंपरा त्यांनी सोबत आणली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोरर आणि हुमेल या दोन कुटुंबांनी तिला उद्योगाचे रूप दिले. मळे त्यांचे, तळघरे त्यांची. द्राक्षरस आंबवून वाईन होई. तीच वाईन ऊर्ध्वपातित करून लाकडी पिंपांत मुरवली की ब्रँडी. हा माल रशियन साम्राज्यात दूरवर विकला जाई.

३/ १९२० मध्ये सोव्हिएत सत्ता आली आणि खाजगी मालकी संपली. गावकऱ्यांनी ‘कॉनकॉर्डिया’ या सहकारी संस्थेमार्फत व्यवसाय सावरला. १९३० च्या दशकात तीही मोडीत काढण्यात आली.

४/ १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात येथील जर्मनांना कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. कोणाचाही वैयक्तिक अपराध तपासला गेला नाही. जर्मन वंश एवढेच कारण पुरले.

५/ गावाचे नाव १९३८ मध्येच खानलार झाले होते. २००८ पासून ते ग्योयग्योल आहे. तेथे आजही वाईन तयार होते. मात्र ज्यांनी हा उद्योग उभारला, त्यांची वस्ती तेथे उरली नाही.